पाठवणीचं सूप

आमच्या लोयांगच्या पंगतीतला पहिला मोठा पदार्थच मुळी फसवा. नाव काय, तर पाकोळीचं घरटं, राजालाच परवडावं असं, आणि वाडग्यात बघावं तर किसलेला मुळा! पिठीत घोळवायचा, वाफवायचा, आंबट-तिखट रश्श्यात सोडायचा, वर अंड्याचं पिवळं फूल ठेवायचं, झालं घरटं. टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत असतं की हा मुळा आहे, तरी प्रत्येक जण "वा!" म्हणतो. अशा गावात मी जन्मले, आणि सगळी नोकरी ट्रॅक्टरच्या कारखान्यात तपासणी विभागात काढली. समोर आलेला नग चांगलाच असणार, असं धरून चालायची मला सवय नाही. त्याला लोक संशयी स्वभाव म्हणतात. म्हणोत बापडे.

तर त्या रविवारी दुपारी मी शेनांच्या हॉटेलात चौघांची पंगत सांगितली होती. शेनांचं हॉटेल म्हणजे जुन्या शहरातलं जुनं खोड. माझ्या आजोबांच्या लग्नाचं जेवण तिथंच झालं होतं. खरं तर मुलीचं बघायचं असलं की जेवायला मुलाकडच्यांनी बोलवायचं असतं. पण मी म्हटलं, नको. जेवण माझं असलं की प्रश्नही माझेच. दुसऱ्याचं खाऊन त्यालाच खोदून विचारायचं, हे बरं दिसत नाही.

माझी मुलगी वेनजिंग. वय एकतीस, शहर बस चालवते, पहाटेची पहिली गाडी तिची. मुलगा पेइलिन, लिफ्ट दुरुस्त करतो. त्यांची ओळख आमच्या शेजारणीनं करून दिली. दोघं चार-सहा वेळा भेटली, आणि शेजारीण म्हणाली, "आता मोठ्यांनी बसून ठरवून टाका." ठरवून टाका! भाजीची जुडी आहे का ती? माझ्या धाकट्या बहिणीचं असंच ठरवून टाकलं होतं. मुलगा गोड, हसरा, वडीलधाऱ्यांपुढं वाकून बोलणारा. लग्नानंतर दीड वर्षानं कळलं की कायफंगमध्ये त्याची आधीची बायको आहे. बहीण परत आली ती अर्धी होऊन आली, आणि पुढं सगळा जन्म ती कुणाशी धड डोळे वर करून बोलली नाही. माझ्या मुलीचं तसं झालं तर मी स्वतःला माफ करणार नव्हते. म्हणून मी त्या दिवशी डोळ्यात तेल घालून बसले होते.

निघताना वेनजिंग दारात थांबली. "आई, मला एक सांगायचं होतं—"

"आधी तो राखाडी स्वेटर बदल," मी म्हटलं. "बघणाऱ्याला वाटेल घरी कुणी गेलंय."

तिनं बदलला.

पाहुणे वेळेवर आले. पेइलिनबरोबर त्याची आई, हानबाई. भरदार बाई, लोकरीचा लाल कोट, हातात फळांची करंडी. मी दोघांना दाराकडं तोंड करून, मानाच्या जागी बसवलं आणि स्वतः बरोब्बर समोर बसले. चेहरा समोरूनच वाचता येतो.

थंड पदार्थ आले, मग ते घरटं आलं. "वा!" झालं. मी बघत होते ते पेइलिनच्या डोक्याकडं. पस्तिशीचा माणूस, आणि केस इतके काळे, इतके दाट! आमच्या गल्लीतल्या पोरांचे तिशीतच विरळ होतात. मनात म्हटलं, कलप तरी असेल, नाही तर टोप. रश्श्याची वाफ जोरात येत होती. मी वाडगा मुद्दाम त्याच्या पुढ्यात सरकवला.

"घे रे बाळा, वाकून घे. कपड्यांवर सांडेल."

तो चांगला वाकला. वाफ तोंडावर घेतली, कपाळाचा घाम हातरुमालानं पुसला. रुमाल पांढराशुभ्र राहिला. टोपही जागचा हलला नाही, कारण टोप नव्हताच.

हानबाईच्या नजरेतून हे सुटलं नाही. "केस माझ्या माहेरचे आहेत हो," ती म्हणाली. "ओढून बघायचे तर बघा."

"इश्श, असं काय बोलता ताई!" मी म्हटलं. पण एक शंका खोडली गेली.

शेनांच्या पंगतीत एक वाडगा उचलला की दुसरा येतो. सगळं रश्श्याचं, पाण्यासारखं वाहत राहतं, म्हणून तिला पाण्याची पंगत म्हणतात. वाढायला तीच ती लुओ नावाची बाई होती, जी मी तरुण असल्यापासून तिथं वाढते. मांसाचे काप आले, तळलेले गोळे आले, मासा आला. माशाचं डोकं मानाचं, ते मी पाहुण्यांकडं केलं. आणि त्याच वेळी पेइलिनचा फोन थरथरला. त्यानं तो टेबलावर पालथा ठेवलेला होता. पालथा! ज्याच्याकडं लपवायचं काही नाही, तो फोन उताणा ठेवतो.

त्यानं नाव बघितलं, "एक मिनिट हं काकू," म्हणाला आणि बाहेर गेला.

बहिणीचा नवरासुद्धा असाच मधे मधे उठून बाहेर जायचा. तेव्हा खिशात फोन नसायचे. फोन करायला कोपऱ्यावरच्या दुकानात जायचा, इतकाच फरक.

वेनजिंग माझ्या बाहीला धरून म्हणाली, "आई, ऐक ना, मला तुझ्याशी—"

"नंतर. मासा निवतोय," मी म्हटलं आणि चहाची किटली रिकामी असल्याचं निमित्त करून त्याच्या मागं गेले.

तो बोळकांडीत भिंतीकडं तोंड करून उभा होता. आवाज मऊ, अगदी लोण्यासारखा. "जेवलीस का? खोटं नको बोलू. मी नाही तिथं म्हणून जेवायचं नाही, हे चालणार नाही. पायाची पट्टी सोडू नकोस. संध्याकाळी येतो, मग चोळून देतो."

झालं! म्हणजे बाई आहे. आणि घरात आहे. मी तशीच पुढं झाले आणि म्हटलं, "कोण आहे ते मलापण कळू दे की."

तो दचकला खरा, पण फोन लपवला नाही. उलट माझ्यापुढं धरला. पडद्यावर एक बोळकं, सुरकुतलेलं तोंड. डोळे बारीक करून ते माझ्याकडं बघत होतं.

"ही कोण सटवी?" फोनमधून आवाज आला.

"आजी, हळू! वेनजिंगची आई आहे."

"ऐकू येत नाही मला. मुलगी कुठाय? मुलगी दाखव!"

मी असली खजील झाले, काय सांगू. आम्ही दोघं परत टेबलापाशी आलो आणि फोन वेनजिंगसमोर धरला. म्हातारी एकदम वितळली. "अगं बाई, ये ना घरी! कधी येतेस? माझ्या शेजारची खोली रिकामी केलीय तुझ्यासाठी. पडदे लावलेत. लाल लावलेत, लग्नाचे."

"आजी, तुम्ही जेवून घ्या बरं," वेनजिंग म्हणाली. तिची मान खाली गेली, कान लालबुंद झाले. लाजली गं माझी पोर, मी मनात म्हटलं, आणि मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत ती कशालाच लाजलेली मी पाहिली नव्हती.

फोन बंद झाल्यावर ती उठली. "आई, मी जरा—"

"जा जा, पण लवकर ये. रताळी येतील आता."

ती गेली. मी उरलेली शेवटची शंका काढली. एवढा धडधाकट मुलगा, हाताला काम, स्वभावाला गोड, आणि पस्तिशीपर्यंत बिनलग्नाचा कसा? ते मी सरळ विचारलं. हानबाईनं चॉपस्टिक खाली ठेवल्या. तिचा नवरा मरायच्या आधी पाच वर्षं अंथरुणावर होता. पेइलिन कामावरून आला की बापाला उचलून न्हाऊ घालायचा. एक मुलगी सांगून आली होती, तिला तो वास सहन झाला नाही. मी तीच गोष्ट थोड्या वेळानं उलटीकडून विचारली, मग हानबाई वाढणाऱ्या बाईशी काही बोलायला उठली तेव्हा पेइलिनला वेगळी विचारली. दोघांचं सांगणं शब्दाला शब्द नाही, पण गोष्टीला गोष्ट जुळलं. पाठ केलेलं असतं तर शब्दाला शब्द जुळलं असतं. मला त्यातलं कळतं.

मधातली रताळी आली, तशी वेनजिंगही येऊन बसली. मी तिच्याकडं बघितलं, पोराकडं बघितलं, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. खरंच सांगते, मला रडू येत होतं. सगळ्या बाजूंनी ठोकून बघितला होता, कुठंही पोकळ वाजला नव्हता. माझ्या माघारी पोरीला ताप आला तर पाणी द्यायला कुणीतरी असणार होतं. दुसरं काय मागायचं असतं आईनं?

मी माझ्या हातानं सगळ्यांचे प्याले भरले. उभी राहिले.

"ताई," मी म्हटलं, "आता विहीणबाईच म्हणते. मी स्वभावानं वाईट बाई आहे, सगळी गल्ली सांगेल. पण तुमच्या मुलात मला खोट सापडली नाही. तर मग दिवस कधीचा धरायचा?"

हानबाई हसली, तिनंही प्याला उचलला. आणि लुओबाई आत आली, टेबलाच्या मधोमध एक मोठा वाडगा ठेवून गेली. पातळ रस्सा, वर अंड्याचे तरंग, त्यावर भुरभुरलेली मिरी.

हानबाईचा प्याला हवेतच थांबला.

आमच्या पंगतीत चोवीस पदार्थ असतात, आणि चोविसावं असतं हे अंड्याचं सूप. पाठवणीचं सूप. ते आलं की समजायचं, जेवण संपलं, पाहुण्यांनी उठायचं. यजमान पहिला घोट घेतो, मग सगळे घेतात, आणि मग खुर्च्या सरकतात. गमतीत आम्ही त्याला 'चालते व्हा' सूपसुद्धा म्हणतो. अजून कितीतरी पदार्थ यायचे होते. आठ जिनसांचा गोड भात यायचा होता. लोयांगमधलं शेंबडं पोरगंसुद्धा ह्या सूपाची जागा चुकवणार नाही.

हानबाईनं प्याला खाली ठेवला. "हे काय, फान ताई?"

"मला काय विचारता?" मी म्हटलं. "मी काही मागवलं नाही."

"पंगत तुमची. यजमान तुम्ही. एका हातानं दारू पाजायची आणि दुसऱ्या हातानं दार दाखवायचं, ही कुठली रीत?"

माझं डोकं फिरलं. "आणि तुम्ही मघाशी उठून वाढणाऱ्या बाईशी काय कुजबुजत होता? मी पाहिलं. नकार द्यायचा होता तर तोंडानं द्यायचा. माझ्या पोरीला सूप कशाला पाजता?"

"मी गरम पाणी मागत होते! गोळी घ्यायला!"

"आई," पेइलिन तिला म्हणाला. मग मला म्हणाला, "काकू, स्वयंपाकघरात गडबड झाली असेल."

"शेनांकडं गडबड होत नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो. त्या सबंध दुपारी आमचं एकमत झालं ते एवढंच.

मी तरातरा बाहेर गेले. लुओबाई बोळकांडीत ताटं पुसत होती. तिचा हात धरला. "कुणी सांगितलं सूप आणायला?"

ती घुटमळली. "तुमच्या मुलीनं."

"खोटं! त्या लाल कोटवालीनं काय दिलं तुला? सांग!"

"ताई, इतकी वर्षं वाढते मी तुम्हाला. मीसुद्धा तिला दोनदा विचारलं. म्हटलं, पोरी, हे शेवटचं असतं. ती म्हणाली, माहीत आहे मला."

"ती खरं सांगतेय, आई."

वेनजिंग माझ्या मागं उभी होती. लुओबाई ताटं उचलून निघून गेली.

माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हाच. "कोण आहे?"

"कुणी नाही."

"बसवर कुणी? लग्न झालेला आहे?"

"बघ. परत तेच." तिचा आवाज चढला नाही. तिचा आवाज कधी चढतच नाही, आणि आम्ही नावसुद्धा 'शांत' अर्थाचं ठेवलेलं. "आई, आज मी तुझ्या भरवशावर आले होते. तुला भाजीवाल्यात खोट सापडते, डॉक्टरात सापडते, टीव्हीवर हवामान सांगणाऱ्यातसुद्धा सापडते. म्हटलं, माशापर्यंत तू ह्याच्यात काहीतरी काढशील आणि आपण घरी जाऊ. आणि तू काय केलंस? जन्मात पहिल्यांदा तुला काही सापडलं नाही! मी सूप सांगून आले, आणि तू प्याला घेऊन उभी राहिलीस!"

मी भिंतीला टेकले. "मग आधी सांगायचं नाही का, कार्टे?"

"केव्हा सांगू? तोंड उघडलं की तू स्वेटर म्हणतेस, मासा म्हणतेस."

मी तिच्या खांद्यावरचा दोरा चिमटीत धरला. दोरा नव्हताच.

"तो वाईट नाही," ती म्हणाली. "चांगला आहे. म्हणून तर त्यालासुद्धा तोंडावर नाही म्हणता येईना. पण मला लग्नच नको आहे. हा नको, तो नको, असं नाही. दिवसभर माझ्या पाठीमागं माणसं असतात, आई. खोकतात, भांडतात, फोनवर ओरडतात. घरी आल्यावर मला कुणी नको असतं. लाल पडदे नको असतात."

"मी असते की घरात."

"तू चालतेस."

हे ती असं म्हणाली जसं काही त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. मला बरंही वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

"आणि मी मेल्यावर?"

तिनं थोडा विचार केला. "तेव्हा मी एकटी असेन."

रडली नाही, भांडली नाही. नुसतं सांगितलं. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. काहीतरी फट शोधत होते, कुठं खोटं असेल तर, कुठं भीती असेल तर. काही नव्हतं. त्या दिवशी सापडलेला हा दुसरा बिनखोटीचा नग, आणि हा माझ्याच घरचा होता. दोन्ही चांगले, आणि एकमेकांत बसत नव्हते. कारखान्यात असं कितीदा व्हायचं.

"आत काय सांगायचं?" ती म्हणाली. "मी सांगते जाऊन."

"तू गप्प बस," मी म्हटलं. "तू सांगितलंस तर त्याच्या जिवाला लागेल. आणि ती बाई तुझं नाव गावभर करेल. तू फक्त मान खाली घालून बस, मघाशी बसली होतीस तशी."

आम्ही आत गेलो. सूप तसंच होतं, वाफ अजून निघत होती. हानबाईनं कोटाची बटणं लावून घेतली होती.

मी खुर्ची ओढून बसले. "सूप मीच मागवलं," मी म्हटलं.

वेनजिंगनं झटकन माझ्याकडं पाहिलं. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

"वाटलंच मला!" हानबाई म्हणाली. तिला क्षणाचाही वेळ लागला नाही. "तुमच्याबद्दल सगळे सांगत होते. म्हटलं, लोक काय, बोलतात. पण नाही हो, खरं निघालं! माझ्या पोराला वाफेत घातलंत, मागनं जाऊन त्याचा फोन ऐकलात, मेलेल्या नवऱ्याची उलटतपासणी घेतलीत. आता काय सापडलं ते तरी सांगा!"

"काही सापडलं नाही."

"मग?"

"त्याचाच संशय आला," मी म्हटलं. "इतका चांगला माणूस असतो कुठं?"

हानबाईनं कोटाचं राहिलेलं वरचं बटणही लावलं आणि म्हणाली, "देवाची कृपा, माझा मुलगा तुमच्या घरातून वाचला."

मला ते लागलं. लागणारच. पण लोयांगमध्ये माझ्याबद्दल कुणीही काहीही सांगितलं तरी लोक विश्वास ठेवतात, हे मला ठाऊक होतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचा काही उपयोग झाला. मी पळीनं सूप वाढलं. यजमानानं पहिला घोट घ्यायचा असतो म्हणून वाटी उचलली, आणि तशीच धरून बसले.

पेइलिननं आपली वाटी दोन्ही हातांनी उचलली. तो एकदा वेनजिंगकडं बघून माझ्याकडं वळला होता. किती समजला, मला माहीत नाही. पण लहानांनी मोठ्यांपुढं धरावी तशी, माझ्या वाटीच्या थोडी खाली त्यानं आपली वाटी धरली आणि म्हणाला, "काकू, मिरी छान पडलीय. घ्या, गरम आहे तोवर."

आम्ही दोघांनी मिळून घोट घेतला. इतका चांगला मुलगा होता तो. आजही आठवलं की हळहळ वाटते, खोटं कशाला बोलू.

ते गेले. फळांची करंडी हानबाईनं परत नेली, आणि बरोबरच केलं. वेनजिंग समोर बसून वाटीतलं अंडं चमच्यानं फिरवत होती. जरा वेळानं लुओबाई दारातून डोकावली. आत फक्त आम्ही दोघी बघून तिनं पंचा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"ताई, भात तयार आहे. आणि बाकीचे वाडगेसुद्धा. पण आता... पाठवणीचं सूप झालं. त्यानंतर इथं कुणी कधी वाढून घेतलं नाही."

"सगळं आण," मी म्हटलं. "पाठवणी पाहुण्यांची झाली. माझी मुलगी कुठं जात नाहीये."